साखळीत अजिंक्य, बाद फेरीत गारद: सर्वांत मोठी पडझड कोणाची?

प्रश्न थोडक्यात असा. दारव्हा तालुक्यातला एक कबड्डी संघ साखळीतले सगळे सामने जिंकला आणि उपांत्य सामन्यात हरला. तोही अशा संघाकडून, ज्याला त्यांनी आदल्याच दिवशी सहज लोळवलं होतं. परतीच्या टेम्पोत वाद पेटला. एकाचं म्हणणं, १९ नोव्हेंबर २०२३ ला एकदिवसीय विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपल्या क्रिकेट संघाचं जे झालं तेवढं मोठं जगात कुणाचंच झालं नाही. दुसरा मोबाइलवर अमेरिकेतल्या बास्केटबॉल संघाचे आकडे काढून दाखवत होता. तिसरा दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ सोडायला तयार नव्हता. शेवटी वाद माझ्याकडे आला: "सर, तुमीच सांगा, सर्वांत मोठी पडझड कोन्ती? आन् असं होते काहून?"

मी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. नोकरी शाळेत शारीरिक शिक्षणाची, आणि संध्याकाळ कायम कबड्डीच्या मैदानावर. त्यामुळे उत्तर कबड्डीवाल्याचं आहे, आणि ते आधीच सांगून टाकतो. माझ्या लेखी सर्वांत मोठी पडझड ऑगस्ट २०१८ मधली, जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतली, आपल्याच कबड्डी संघाची. तुमच्यापैकी एकानंही तिचं नाव घेतलं नाही, याचं मला वाईट वाटलं. का म्हणतो तसं, ते सांगण्याआधी तुमची तिन्ही उदाहरणं नीट बघू, कारण तिघांच्याही म्हणण्यात दम आहे.

मोठा संघ हरला की लोक लगेच "दडपण सहन झालं नाही" म्हणून मोकळे होतात. हे निदान मला कधीच पटलं नाही. दडपण दोन्ही संघांवर असतं. मी दोनच गोष्टी बघतो. सावरायला वेळ होता का? आणि आधी इशारा मिळाला होता का? इशारा जवळपास प्रत्येक वेळी मिळालेला असतो. अडचण ही की बहुतेकदा तो जिंकलेल्या सामन्यात मिळतो, आणि जिंकलेला सामना पुन्हा कुणी उघडून बघत नाही. आपल्याकडं कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरते तेव्हा बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं, फोडल्याशिवाय आतलं कळत नाही. तसंच हे.

आता १९ नोव्हेंबर. भारत सलग दहा सामने जिंकून अहमदाबादला पोचला होता. साखळीतले नऊ, आणि वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्धचा उपांत्य सामना, ज्यात आपण ३९७ धावा केल्या. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या पॅट कमिन्सनं नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं. रोहितनं ३१ चेंडूंत ४७ धावा झोडल्या, मग ट्रॅव्हिस हेडनं मागं पळत जाऊन त्याचा झेल घेतला आणि डाव आटला. पहिल्या दहा षटकांनंतर उरलेल्या चाळीस षटकांत आपल्याला फक्त चार चौकार मारता आले. राहुलनं १०७ चेंडूंत ६६ केल्या, त्यात चौकार एकच. सगळे बाद २४०. ऑस्ट्रेलियाची ३ बाद ४७ अशी अवस्था झाली होती, पण हेडनं १३७ केल्या, लाबुशेन ५८ वर नाबाद राहिला, आणि ४३ व्या षटकात सामना संपला.

लोक म्हणतात राहुल आणि कोहली घाबरून खेळले. मला तसं दिसलं नाही. १९ ऑक्टोबरला पुण्यात बांगलादेशविरुद्ध हार्दिक पंड्याचा घोटा दुखावला आणि तो स्पर्धेबाहेर गेला. त्यानंतर आपल्याकडं सहा फलंदाज, सातवा जडेजा, आणि पुढं सरळ शमी, बुमराह, कुलदीप, सिराज. मागं कुणी नाही हे माहीत असलेला फलंदाज मधल्या षटकांत धोका घेणार कसा? ही उणीव दहा विजयांत झाकलेली राहिली, कारण वरच्या पाच जणांनीच काम भागवलं. पण एकदा ती उघडी पडली होती. २९ ऑक्टोबरला लखनौमध्ये इंग्लंडविरुद्ध आपली ३ बाद ४० अशी अवस्था झाली होती आणि पन्नास षटकांत ९ बाद २२९ एवढंच जमलं. अहमदाबादच्या २४० पेक्षाही कमी. पण त्या दिवशी शमी आणि बुमराहनं इंग्लंडला १२९ मध्ये गुंडाळलं, आपण १०० धावांनी जिंकलो, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे चर्चा गोलंदाजीची. तो होता इशारा.

तरीही या पराभवाला मी सर्वांत मोठी पडझड म्हणणार नाही. एकच सामना होता. दुपारी संथ असलेली खेळपट्टी रात्री फलंदाजीला सोपी झाली आणि नाणेफेक त्यांच्याकडं गेली. स्पर्धेच्या मधोमध नवा अष्टपैलू कुठून आणणार? दुःख मोठं होतं, ते मान्य. आमच्या गावात त्या रात्री कुणाच्या घरातून आवाज नव्हता. पण दुःख किती मोठं यावरून पडझड मोजायची नसते.

दुसऱ्याचा मुद्दा अमेरिकेचा. तिथं साखळीला ते 'रेग्युलर सीझन' म्हणतात, बाद फेरीला 'प्लेऑफ'. बास्केटबॉलमध्ये साखळीत ८२ सामने असतात आणि बाद फेरीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी सातपर्यंत सामने होतात, जो आधी चार जिंकेल तो पुढं. म्हणजे एका वाईट रात्रीचं निमित्त तिथं चालत नाही. २०१५-१६ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स ८२ पैकी ७३ जिंकले. मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सचा ७२ चा विक्रम त्यांनी मोडला. अंतिम मालिकेत क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सविरुद्ध ते ३-१ असे पुढं होते. अंतिम मालिकेत त्या स्थितीतून तोवर कुणीच परतलं नव्हतं. क्लीव्हलँड परतलं. पाचव्या सामन्यात वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन निलंबनामुळं बाहेर बसला आणि लेब्रॉन जेम्स व कायरी अर्विंग या दोघांनी प्रत्येकी ४१ गुण केले. सातव्या सामन्यात ८९-८९ अशी बरोबरी असताना शेवटच्या साडेचार मिनिटांत वॉरियर्सला एकही गुण करता आला नाही. ९३-८९.

हे उदाहरण भारी आहे, पण आकड्याच्या मोहात पडू नका. वॉरियर्सना इशारा आदल्याच फेरीत मिळाला होता. ओक्लाहोमा सिटीविरुद्ध तेच १-३ असे मागं पडले होते आणि कसेबसे सुटले. लांब हातांचे, दमदार, अंगावर येणारे खेळाडू समोर आले की यांची लांबून टोपलीत टाकण्याची लय बिघडते, हे तिथंच दिसलं होतं. मालिका जिंकली म्हणून ते मागं पडलं. तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूनं बोलावी लागेल. समोर लेब्रॉनसारखा खेळाडू होता, मालिका सात सामने चालली, शेवटचा सामना चार गुणांनी गेला. ज्याला हरवायला समोरच्याला आयुष्यातला सर्वोत्तम खेळ करावा लागला, तो संघ कोसळला असं म्हणणं मला जड जातं.

त्यापेक्षा अमेरिकेतलंच एक दुसरं उदाहरण घ्या, आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नाही. आइस हॉकीत टॅम्पा बे लाइटनिंग हा संघ २०१८-१९ च्या साखळीत ८२ पैकी ६२ सामने जिंकला, विक्रमाशी बरोबरी. पहिल्या फेरीत समोर आला कोलंबस ब्लू जॅकेट्स, जो कसाबसा बाद फेरीत शिरला होता. पहिल्या सामन्यात पहिल्या सत्राअखेर टॅम्पा ३-० नं पुढं. तो सामना ते ३-४ नं हरले. पुढचे तीनही हरले. ०-४, मालिका खलास. बर्फावरचा खेळ आपल्याला नवा, पण घडलं ते आपल्या ओळखीचं आहे. साखळीभर या संघाला समोरच्यांनी खेळायला मोकळी जागा दिली होती. कोलंबसनं पहिल्या सामन्याच्या दुसऱ्या भागापासून त्यांच्या अंगावर जाऊन, त्यांच्याच हद्दीत त्यांना दाबून धरलं. चेंडूच्या जागी तिथं रबराची चकती असते, ती यांना सुखानं पुढं नेताच येईना. सावरायला अजून तीन सामने होते, आणि तीनही सामन्यांत हा संघ तोच खेळ खेळत राहिला.

पुढचं जास्त शिकण्यासारखं आहे. त्यांनी प्रशिक्षक काढला नाही. मुख्य खेळाडू विकले नाहीत. अंगावर घेऊन खेळणारे, धक्का सहन करणारे दोन-तीन खेळाडू आणले आणि अडचणीत संथपणे खेळायची सवय लावली. २०२० मध्ये पहिल्याच फेरीत पुन्हा कोलंबस समोर आला. पहिला सामना पाच जादा सत्रं चालला आणि टॅम्पानं तो जिंकला. त्या वर्षी ते विजेते झाले, २०२१ मध्ये पुन्हा झाले. पडझडीनंतर प्रशिक्षकावर आणि कर्णधारावर तुटून पडणाऱ्या आपल्या मंडळांनी हे जरूर बघावं.

न्यू इंग्लंड पॅट्रियट्सचं २००७ चं नाव यादीत नेहमी असतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये साखळीत १६ पैकी १६, बाद फेरीतले दोन जिंकले, आणि ३ फेब्रुवारी २००८ ला अंतिम सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सकडून १४-१७ नं पराभव. एकच सांगतो: साखळीचा शेवटचा सामना याच जायंट्सविरुद्ध होता आणि पॅट्रियट्स तो जेमतेम ३८-३५ नं जिंकले होते. जायंट्सला त्या रात्री कळलं की हे माणसंच आहेत.

१९५४ ची हंगेरी नेमकी उलट. फुटबॉलमध्ये चार वर्षं अजिंक्य असलेल्या या संघानं विश्वचषकाच्या गटात पश्चिम जर्मनीला ८-३ नं धुतलं. पण जर्मन प्रशिक्षक सेप हर्बर्गरनं त्या सामन्यात आपले बरेच मुख्य खेळाडू बाहेर बसवले होते. ४ जुलैला बर्नमध्ये अंतिम सामन्यात पावसात तोच प्रतिस्पर्धी पुन्हा समोर आला. हंगेरी आठ मिनिटांत २-० नं पुढं, आणि शेवट २-३. पोरांनो, आदल्या दिवशी लोळवलेल्या संघाकडून हरलात ना? त्या पहिल्या सामन्यात त्यांचा मुख्य चढाईपटू खेळला होता का, हे आठवून बघा.

आता दक्षिण आफ्रिका. १७ जून १९९९, एजबॅस्टन, विश्वचषकाचा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा उपांत्य सामना. शेवटच्या षटकात नऊ धावा हव्या होत्या, लान्स क्लुसनरनं पहिल्या दोन चेंडूंवर चौकार मारले. चार चेंडूंत एक धाव. मग तो गोंधळ, अॅलन डोनाल्ड धावबाद, दोघांच्या २१३-२१३. बरोबरी झाली आणि तरी ऑस्ट्रेलिया पुढं गेलं, कारण सुपर सिक्समध्ये, म्हणजे उपांत्य फेरीआधीच्या सहा संघांच्या फेरीत, त्यांची धावगती सरस होती. सगळ्यांना तो धावबाद आठवतो. मला चार दिवसांआधीचा, १३ जूनचा, याच ऑस्ट्रेलियाविरुद्धचा हेडिंग्लीचा सामना आठवतो. आफ्रिकेनं २७१ केल्या होत्या. स्टीव्ह वॉचा झेल हर्शेल गिब्जच्या हातातून सुटला आणि वॉ १२० वर नाबाद राहिला. तो सामना आफ्रिका जिंकली असती तर ऑस्ट्रेलिया तिथंच स्पर्धेबाहेर गेलं असतं आणि एजबॅस्टनला समोर आलंच नसतं. चार चेंडू हातात असताना धावायची घाई कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण सामना त्या एका धावेवर येऊन थांबला तो चार दिवस आधीच्या पराभवामुळं.

आणि २९ जून २०२४ विसरू नका. टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना, बार्बाडोस. दोन्ही संघ अपराजित. आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या, सहा गडी हातात, क्लासेन पेटलेला. सात धावांनी हरले. यात मी आफ्रिकेला दोष कमी देतो. बुमराहची १६ वी आणि १८ वी षटकं बघा, एकात चार धावा, एकात दोन. मधल्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर हार्दिकनं क्लासेनला बाद केलं. सावज पुढं पळत असताना श्वास न सोडता पाठलाग करणाऱ्याचं ते कौतुक आहे.

आपल्या घरचंही एक सांगायलाच हवं, कारण विदर्भाबद्दल आपणच कमी बोलतो. २०२४-२५ च्या विजय हजारे एकदिवसीय क्रिकेट स्पर्धेत विदर्भ एकही सामना न हरता अंतिम फेरीत गेला. करुण नायरनं पाच शतकं ठोकली, अंतिम सामन्याआधी तो स्पर्धेत फक्त एकदा बाद झाला होता. उपांत्य सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध ३ बाद ३८०. वाचायला छान वाटतं, पण प्रशिक्षकाच्या नजरेनं बघा: मधल्या फळीला संकटात खेळायची वेळच आली नव्हती. १८ जानेवारी २०२५ ला वडोदऱ्यात कर्नाटकनं ३४८ केल्या. प्रसिध कृष्णानं नायरला २७ वर त्रिफळाचीत केलं. ध्रुव शोरीनं ११० करून एक टोक धरलं, हर्ष दुबेनं शेवटी ३० चेंडूंत ६३ झोडल्या, तरी ३६ धावा कमी पडल्या. पुढचे सहा आठवडे महत्त्वाचे. हाच संघ रणजीत परतला, उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवलं, आणि २ मार्चला नागपुरात केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला. त्या अंतिम सामन्यात दानिश मालेवारनं १५३ केल्या, नायरनं ८६ आणि १३५. म्हणजे एकावर विसंबलेला संघ अनेकांवर उभा राहिला. म्हणून वडोदऱ्याला मी पडझडीच्या यादीत घेत नाही. सावरायला वेळ मिळाला आणि पोरं सावरली.

आता जकार्ता.

१९९० मध्ये कबड्डी आशियाई स्पर्धेत आली. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचं सुवर्ण दर वेळी भारताचं, सातच्या सात. त्या सगळ्या वर्षांत आशियाई स्पर्धेत आपण एकही सामना हरलो नव्हतो. कोणत्याही खेळात एवढं दीर्घ वर्चस्व क्वचितच सापडेल. २०१८ मध्ये पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना होता, तोही इराणविरुद्ध, २४-२७. दोन दिवसांत दोन्ही सुवर्णं गेली.

तुमच्यातला एखादा म्हणेल, बाकी देशांत कबड्डी खेळतंय कोण, त्याला कसली मोठी पडझड म्हणायची? मला ती मोठी वाटते ती त्याचमुळं. खेळ आपला, पंचवीस वर्षांहून जास्त अनुभव आपला, सर्वांत जास्त खेळाडू आपले. आणि इशारे किती मिळाले ते बघा. २०१४ ला इंचॉनमध्ये इराणविरुद्धचा अंतिम सामना आपण २७-२५ असा जेमतेम जिंकला, तोही मागं पडून. २०१६ च्या विश्वचषकाचा पहिलाच सामना अहमदाबादेत कोरियानं आपल्याकडून ३४-३२ असा काढून घेतला. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराण मध्यंतराला १८-१३ असं पुढं होतं. अजय ठाकूरनं उत्तरार्धात खेचून आणलं म्हणून ३८-२९. जकार्तातही गटात कोरियानं आपल्याला २४-२३ नं हरवलं, आशियाई स्पर्धेतला आपला पहिला पराभव. उपांत्य सामना त्यानंतर तीन दिवसांनी होता. एवढे इशारे मिळून, एवढा वेळ मिळून जो संघ तसाच उतरतो, त्याच्या हारण्याला मी पडझड म्हणतो.

मैदानावर काय झालं? गटात बांगलादेशविरुद्ध ५० गुण, श्रीलंकेविरुद्ध ४४. चढाईपटू जाईल आणि गुण घेऊनच येईल, अशी सवय झाली. इराणच्या बचावाच्या दोन कोपऱ्यांवर फजल अत्राचली आणि अबोझार मिघानी. हे दोघं आपल्याच प्रो कबड्डीत आपल्याच चढाईपटूंना रोज पकडून तयार झालेले. त्याच वर्षीच्या लिलावात फजलला यू मुंबानं एक कोटीला घेतलं होतं. आपला चढाईपटू कोणत्या पायावर वळतो, बोनस गुणासाठी रेषेपलीकडं पाय कधी टाकतो, घोट्याला हात लागला की कुठं झेपावतो, हे सगळं त्यांना पाठ. आपल्याला त्यांच्याबद्दल तेवढं माहीत होतं का? चाळीस मिनिटांत १८ गुण. मुख्य चढाईपटू बाहेर बसला की मैदानात माणसं कमी, मग दोन चढाया रिकाम्या आणि तिसरी करो या मरो, म्हणजे गुण आणा नाही तर बाद व्हा. त्या तिसऱ्या चढाईची इराणचे कोपरे वाटच बघत असायचे. हा फास एकदा आवळला की ताकद लावून सुटत नाही, त्याची तयारी आधी करावी लागते.

महिलांच्या सामन्यातली गोष्ट तर मराठी माणसानं मुद्दाम लक्षात ठेवावी. इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आयुष्यभर महाराष्ट्रात मुली घडवलेल्या बाईंनी परक्या देशात जाऊन संघ बांधला आणि सुवर्ण मिळवलं. बाईंबद्दल मला मनापासून आदर आहे. आपला खेळ आतून ओळखणारं माणूस समोरच्या बाजूला बसलं होतं, आणि आपण समोर कोण आहे यापेक्षा आपण कोण आहोत याच विचारात उतरलो. हांगझोऊमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन्ही सुवर्णं परत आली, पण कशी? महिलांचं २६-२५ नं, पुरुषांचं इराणविरुद्ध बराच वेळ खेळ थांबलेल्या वादानंतर ३३-२९ नं. जुना सोपा काळ संपला आहे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडं, असं होते काहून.

आपल्या भागातले सामने कसे होतात ते तुम्हाला माहीत आहे. सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी सुरू झाली की गावोगावी स्पर्धा लागतात. दिवसा साखळी, रात्री हॅलोजनखाली बाद फेरी. दिवसभर वेचणी करून आलेलं पोट्टं संध्याकाळी उतरतं. तगडा संघ साखळीतले सामने पहिल्या पंधरा मिनिटांत संपवतो, आणि तिथंच नुकसान सुरू होतं. दोन लोण चढवले, म्हणजे समोरचा अख्खा संघ दोनदा बाद केला, की उरलेला वेळ सगळे आरामात खेळतात. एकच चढाईपटू गुण आणत राहतो, बाकीचे टाळ्या वाजवतात. दुसरा आणि तिसरा चढाईपटू दिवसभरात करो या मरो चढाई एकदाही करत नाहीत. तीन गडी मैदानात उरलेत आणि सुपर पकड करायची आहे, अशी वेळ बचावावर येतच नाही. मग रात्री एक वाजता उपांत्य सामन्यात मुख्य चढाईपटूचा घोटा पकडला जातो, आणि ज्या पोरांना दिवसभर कुणी विचारलं नाही त्यांच्याकडून आता सगळं हवं असतं.

शरीराचंही आहे. साखळी लवकर संपवलेला संघ तीन-चार तास बसून राहतो. थंडीत अंग आखडतं. मंडळाची पुरी-भाजी पोटभर खाल्लेली असते. समोरचा संघ उपांत्यपूर्व सामना घासून जिंकून घामेजल्या अंगानं थेट आलेला असतो. पहिल्या पाच मिनिटांत तो चार-पाच गुण पुढं जातो, आणि मागं पडायची सवय नसलेला संघ घाईला येतो. माझ्या पोरांना बाद फेरीच्या आधी मी पोटभर खाऊ देत नाही. केळी, थोडा भात, पाणी. आणि सामन्याच्या अर्धा तास आधी मैदानामागच्या अंधारात घाम येईस्तोवर पळवतो, कितीही कुरकुर केली तरी.

सरावात मी आघाडी देतच नाही. सराव सामना सुरूच होतो आठ गुणांनी मागं असताना, पाच मिनिटं बाकी. कधी मुख्य चढाईपटूला रेषेबाहेर उभं करतो आणि सांगतो, तू आज बाद झालास, तुला उठवणारं कुणी नाही. कधी तिघांचा बचाव साताविरुद्ध. पोरं वैतागतात, जिंकत असलेल्या संघाला हे उगाच वाटतं. पण बाद फेरीत ज्या दहा मिनिटांत सामना जातो, ती दहा मिनिटं आधी अंगाखालून गेलेली असली पाहिजेत.

माती आणि मॅटचंही बोलायला हवं, कारण जिल्ह्याच्या पुढं गेलं की मॅटच येते. मातीवर पाय रुततो, पकड करणाऱ्याला जोर मिळतो. मॅटवर बूट चिकटतात, वळणं वेगवान होतात, चढाईपटूची उडी लांब जाते. गावच्या मातीवर वर्षभर न हरलेले संघ मॅटवर पहिल्या फेरीत गेलेले मी कितीतरी पाहिलेत, आणि दर वेळी लोक म्हणाले, पोरं बावरली. पोरं बावरली नव्हती. त्यांचा बचाव अर्धा हात मागं पडत होता, एवढंच.

तुम्हाला एक काम सांगतो. साखळीतल्या सगळ्या सामन्यांची गुणपत्रकं आयोजकांकडून मागून घ्या. जिंकलेल्यांचीच बघा, हरलेला सामना आता बाजूला ठेवा. मुख्य चढाईपटूचे गुण वेगळे काढा आणि बाकीच्या सगळ्यांचे मिळून किती होतात ते लिहा. मग प्रत्येक सामन्यात उत्तरार्धात समोरच्यांनी किती गुण घेतले ते लिहा. साखळीतल्या शेवटच्या दोन सामन्यांत तो आकडा चढत गेलेला दिसला, तर उपांत्य सामना तुम्ही तिथंच हरायला लागला होतात. वही घेऊन या, आपण सोबत बसून बघू. तुमच्या दुसऱ्या चढाईपटूला सोबत आणा, कर्णधार नाही आला तरी चालेल.